घाटात गाडी तापते, पाणी फेकते : हेड उडायच्या आधी काय काय बघायचं

सपाटीला गाडी एकदम गुणी. घाट लागला, दुसऱ्या गिअरवर आली, की सातव्या-आठव्या वळणाला तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. एसी चालू असेल तर त्याच्याही आधी. बाजूला घेऊन बोनेट उघडावं तर रेडिएटरच्या पाण्याच्या टाकीत खळखळ उकळी, झाकणाखालून ओघळ आणि गरम, गोडसर वास. तासभर थांबून, प्यायच्या बाटलीतलं पाणी ओतून गाडी कशीबशी वर जाते. पुढचे पंधरा दिवस काही नाही. मग पुन्हा तेच.

माझं गॅरेज वाईत आहे, पसरणी घाटाच्या पायथ्याला. पुण्याकडून येणारी गाडी खंबाटकी चढून येते, इथं जरा श्वास घेते आणि लगेच पाचगणीचा बारा-तेरा किलोमीटरचा चढ लागतो. दोन घाटांत जी गाडी दमते ती माझ्या दारात उभी राहते. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत तर रोजच. त्यामुळं हा एकच आजार इतक्या वेळा पाहिलाय की गाडी दारात थांबल्यावर वासावरून निम्मं कळतं. उरलेलं निम्मं कसं शोधायचं ते लिहितो.

तुमची गाडी कोणत्या गटात आहे?

पहिल्या गटाची लक्षणं ही, यात काम बहुतेक वेळा थोडक्यात भागतं:

- फक्त घाटात, ट्रॅफिकमध्ये किंवा एसी लावल्यावर काटा वर जातो.
- टाकीतलं पाणी महिन्याभरात हळूहळू उतरतं.
- गाडी थंड झाल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप पिचकलेला, चपटा दिसतो.
- बोनेटच्या आतल्या बाजूला किंवा इंजिनच्या एखाद्या कोपऱ्यात वाळलेले पांढरट, हिरवट किंवा गुलाबी ओघळ दिसतात.
- गाडीत गोडसर वास येतो, पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं लागतं.

दुसऱ्या गटात यातलं काही दिसलं, तर गाडी चालवणं थांबवा:

- सकाळी चालू केल्यावर पांढरा धूर, आणि इंजिन गरम झाल्यावरही तो थांबत नाही.
- पहिला मिनिटभर इंजिन अडखळतं, एक सिलिंडर मारत नाही, मग सरळ होतं.
- थंड गाडी चालू करून मिनिट-दोन मिनिटं होत नाहीत तोच वरचा पाइप दगडासारखा कडक.
- टाकीत सतत बुडबुडे.
- डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल दुधाच्या चहासारखं.
- काटा वर चढला आणि मग एकदम खाली आला.

शेवटच्या लक्षणाला लोक हमखास फसतात. "मिस्त्री, काटा आपोआप खाली आला, म्हणून आम्ही चालवली." काटा खाली येतो तो इंजिन थंड झालं म्हणून नव्हे. सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवरच तो खरं सांगतो. पाणीच संपलं की तो नुसत्या वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि भलतंच सांगायला लागतो. इंजिन त्या वेळी सगळ्यात जास्त तापलेलं असतं. आजकाल बऱ्याच छोट्या गाड्यांना काटाच नाही, नुसता निळा आणि लाल दिवा आहे. तिथं लाल दिवा लागला म्हणजे वेळ आधीच टळून गेलेली असते.

रस्त्यात तापली तर, त्याच क्षणी

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा फुल. मे महिन्यात हे ऐकून लोक माझ्याकडं वेड्यासारखं बघतात, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटरच. तो इंजिनची उष्णता ओढून गाडीत सोडतो. पाणी शिल्लक असेल तर काटा थोडा तरी उतरतो. हीटरमधून गार वारा आला तर समजा, पाणी फिरतच नाहीये. मग बाजूला घ्या आणि बंद करा.

झाकण उघडू नका. वरचा पाइप हाताला सहन होईल इतका गार झाल्याशिवाय तर नाहीच. आत दाबाखाली शंभर डिग्रीच्या वरचं पाणी असतं. दाब सुटला की त्याची तिथल्या तिथं वाफ होते आणि ती तोंडावर येते. हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत, डोळ्यावर बेतलेलंही एकदा पाहिलंय.

आणि तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनमध्ये थंड पाणी ओतू नका. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असतं. एका बाजूनं एकदम गार पडलं की वाकतं नाहीतर तडकतं. नळ जवळ आहे म्हणून कुणी बादली आणून ओततो आणि पाचशे रुपयांचं काम तीस हजारांवर नेतो.

गाडी कधी तापते, यावरून अंदाज

पाना हातात घ्यायच्या आधी मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो : "दादा, ट्रॅफिकमध्ये तापते की पळताना?"

उभी असताना, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला ऐंशीनं पळवली की उतरते, तर संशय पंख्यावर. पळताना वारा फुकट मिळतो, उभं राहिल्यावर तो पंख्यानं द्यायचा असतो. उलट, ट्रॅफिकमध्ये ठीक आणि हायवेला किंवा लांब चढाला तापते, तर पंखा बहुधा चांगला आहे. पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटर कमी पडतोय. दोन्हीकडं तापते आणि पाणीही कमी होतं, तर गळती किंवा गॅसकेट, म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पातळ पॅकिंग. या एका प्रश्नानं माझं निम्मं काम वाचतं. तुम्हीही गॅरेजला फोन करताना "गाडी हीट होतेय" एवढंच सांगू नका, कधी होते ते सांगा.

फुकटातली तपासणी : पातळी, पाण्याचा रंग, बोनेटची आतली बाजू

सगळं थंड असताना, सकाळी. टाकीवर कमी-जास्तच्या दोन खुणा असतात. पाणी आज जिथं आहे तिथं मार्करनं रेघ मारा आणि तारीख लिहा. "कमी होतं बहुतेक" याला अर्थ नाही. आठवड्यात बोटभर उतरलं की महिन्यात, यावर पुढचं सगळं ठरतं.

नुसत्या टाकीवर विश्वास ठेवू नका. ज्या गाडीला रेडिएटरवर वेगळं झाकण आहे तिचं थंड असताना ते उघडून आत बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं मला महिन्यातून चार वेळा तरी सापडतं. त्याचं कारण पुढच्या मुद्द्यात येतंय.

पाण्याचा रंग बघा. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, हिरवा असो की गुलाबी, त्यानं काही बिघडत नाही. रंग कंपनीगणिक वेगळा असतो, त्यावरून जात ओळखता येत नाही. पण विटकरी, गंजाळ पाणी असेल तर त्या गाडीत कूलंट उरलेलाच नाही. कुणीतरी बोअरचं पाणी भरत आलंय. पाणी तापवायच्या बंबाला आतून जो कडक पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंटचं काम फक्त गार ठेवणं नाही. तो गंज थांबवतो आणि उकळायचा बिंदूही वर नेतो. भरायचा तर तयार मिश्रणाचा, नाहीतर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात कालवून. दोन वेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नका. काहींचा आत चिकट गाळ होतो. सांडलेला कूलंट धुऊन टाका. चवीला गोड आणि जहाल विषारी असतो. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आता बोनेट. वरून नाही, आतून बघा. वरून आरशासारखी चकाकणारी आणि आत गलितगात्र अशा गाड्या इतक्या येतात की मी वरचा रंग बघायचं सोडून दिलंय. पाणी दाबानं फवारतं तेव्हा ते बोनेटच्या आतल्या रंगावर बसतं आणि वाळून पंख्यासारखी नक्षी सोडतं. त्या नक्षीचं टोक जिथं निमुळतं होतं तिथं खाली गळती. पाइपची क्लिप, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियम जिथं जोडलेलं असतं तो काठ, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, या तीन जागा आधी बघा. जुनी गाडी घ्यायला जाल आणि इंजिनावर तेलकट चकाकणारा स्प्रे मारलेला दिसला, तर तो बहुतेक वेळा ही नक्षी पुसायलाच मारलेला असतो.

रेडिएटरचं झाकण

सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. दोन-तीनशे रुपयांना येतं. लोकांना वाटतं ते नुसतं बूच आहे. तसं नाही.

उघड्या भांड्यात पाणी समुद्रसपाटीला १०० डिग्रीला उकळतं. पाचगणी-महाबळेश्वरच्या उंचीवर तेच ९६ च्या आसपास. आता इंजिनचा हिशोब बघा : थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) साधारण ८२ ते ८८ ला उघडतो, पंखा ९५ च्या पुढं लागतो. म्हणजे वरच्या पठारावर पंखा चालू व्हायच्या बेतात असतानाच उघडं पाणी उकळायला लागेल. झाकण ही उकळी थोपवतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. ०.९ चं झाकण साधं पाणीसुद्धा समुद्रसपाटीला ११८ डिग्रीपर्यंत उकळू देत नाही. आपल्या घरातल्या कुकरची शिट्टी जे काम करते तेच हे झाकण करतं.

झाकणाला दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा स्प्रिंगचा, दाब जास्त झाला की पाणी टाकीत सोडणारा. मधला छोटा, गाडी गार झाली की टाकीतलं पाणी परत ओढून घेणारा. रबर कडक झालं की मोठा लवकर सोडतो. त्यालाच आपण गाडी पाणी फेकते म्हणतो. छोटा अडकला तर पाणी परत येत नाही : टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा आणि आतल्या ओढीनं पाइप पिचकलेला. रबराला चीर असेल, मधली चकती बोटानं ओढून सोडल्यावर परत बसत नसेल, तर बदला. त्याच आकड्याचं घ्या. "जास्त दाबाचं बसवा, तापणार नाही" हा सल्ला ऐकू नका. मग सगळ्यात कमजोर पाइप फुटतो, तोही घाटातच.

जाळी

ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉलीमागून गाडी चालवली असेल तर रेडिएटरची जाळी बघाच. पाचटाचे तुकडे, किडे, धूळ, पावसाळ्यात चिखल. समोरून बघून "स्वच्छ आहे" म्हणू नका. समोर दिसतो तो एसीचा कंडेन्सर, रेडिएटर त्याच्या मागं. दोघांच्या मधल्या बोटभर फटीत गोधडीसारखा थर साचतो. टॉर्च वरून धरून बघा. साध्या नळाच्या पाण्यानं, कमी दाबानं, इंजिनच्या बाजूनं बाहेर असं धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला की ॲल्युमिनियमची पानं आडवी होतात आणि वाराच बंद होतो. तसा आडवा झालेला रेडिएटर घेऊन एक मास्तर आले होते. गाडी तापतेय म्हणून त्यांनी स्वतःच धुतला होता, मग दुप्पट तापायला लागली.

पंखा

एसी चालू करा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरला पाहिजे. एसी बंद ठेवून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा, काटा मध्याच्या थोडा वर गेला की पंखा स्वतःहून लागला पाहिजे. नाही लागला तर क्रमानं फ्यूज, रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारी डबी) आणि मग मोटर. रिले तपासायला शेजारचा त्याच आकड्याचा रिले काढून इथं लावून बघायचा, खर्च शून्य. काही पंख्यांना दोन वेग असतात. हळू फिरतो म्हणून लोक समाधानी होतात, पण घाटात लागतो तो मोठा वेग.

बोलेरो, सुमो अशा उभ्या इंजिनच्या गाड्यांना पट्ट्यावरचा पंखा असतो, मध्ये चिकट तेलाची कपलिंग. इंजिन गरम असताना बंद करून, चावी काढून पंखा हातानं फिरवा. जड गेला पाहिजे. गरगर सुटा फिरला तर कपलिंग गेली. इलेक्ट्रिक पंख्यात मात्र हात घालू नका. तो इंजिन बंद असतानाही एकाएकी चालू होऊ शकतो.

पाइप, क्लिपा आणि हवा

पाइप दाबून बघा. आत कुरकुर आवाज, टोकाला फुगवटा किंवा भेगा असतील तर बदला, क्लिपांसकट. कूलंट बदलल्यावर लगेच तापायला लागली असेल तर आत हवा अडकलीय. गाडीचं तोंड चढावर, हीटर गरमवर, झाकण उघडं ठेवून थंड गाडी चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत राहा. ज्या गाड्यांना हवा काढायचा स्क्रू आहे तिथं तो वापरा. पाणी उसळायला लागलं तर बंद करा.

गळती सापडली नाही म्हणून हळद किंवा बाजारातली पावडर टाकायचा मोह होतो. हळदीनं बारीक गळती खरंच थांबते. तीच हळद नंतर हीटरच्या नळ्यांतून मी तारेनं खरवडून काढतो.

थर्मोस्टॅट

रस्त्याकडेचा मिस्त्री हा काढून फेकून देतो : "आपल्याकडं उन्हाळाय, याची गरज काय?" गाडी दोन महिने तापत नाही आणि सगळे खूश. पण इंजिन कायम गार राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, रिंगा झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटची मागची चकतीच बायपासची वाट बंद करते. तो काढला की निम्मं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनमध्ये जातं, आणि चढाला गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

तपासणं सोपं आहे. जुन्या पातेल्यात पाणी, दोऱ्याला टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि पाणी उकळेपर्यंत सात-आठ मिलिमीटर तरी उघडला पाहिजे. गाडीवरच बघायचं तर : काटा मध्यावर आला तरी वरचा पाइप कोमट किंवा गार असेल, तर तो उघडत नाहीये. पातेलं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, एवढं वहिनींच्या वतीनं सांगतो.

वॉटर पंप, आणि रेडिएटर आतून

इथून पुढं हत्यारं आणि हात दोन्ही लागतात. पंपाखालच्या भोकातून ओघळ येत असेल, पुली हातानं हलवली की खेळत असेल, तर पंप गेला. कधी बाहेरून ठणठणीत आणि आत पंख्याची पाती गंजून नावालाच उरलेली, हेही बोअरच्या पाण्याचंच देणं. तुमच्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर हे काम घरी करू नका. बेल्टचा एक दात चुकला तर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. पंपासाठी तो भाग उघडलाच आहे तर बेल्टही नवा टाकून घ्या, मजुरी तीच.

रेडिएटर आतून भरलाय का, हे कळायला गरम गाडी बंद करून जाळीवर लेसरचा थर्मामीटर फिरवा. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर त्या नळ्या बंद आहेत. रेडिएटरवाल्याकडून साफ करून घ्या नाहीतर बदला. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर बदललेला बरा.

इथं थांबा

वरचं सगळं झालं आणि पाणी अजूनही रेघेखाली जातंय, किंवा दुसऱ्या गटातलं एक जरी लक्षण आहे, तर आता पाना ठेवा. गाडी टो करून गॅरेजला न्या, चालवत नाही. चांगला मिस्त्री हेड उघडायच्या आधी दोन गोष्टी करेल, तुम्ही समोर उभं राहून बघा.

एक, रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी बसवून त्यातलं निळं द्रव बघणं. इंजिन चालू असताना पाण्यातून जळालेला वायू येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. दोन, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं. पेट्रोल गाडीला साधारण १५० पीएसआयच्या पुढं आणि सगळ्या सिलिंडरांत जवळपास सारखं हवं. शेजारशेजारचे दोनच कमी असतील तर त्यांच्या मधल्या पट्टीत गॅसकेट फुंकलंय. ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. हिवाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ती ओलाव्यानंही धरते. डिपस्टिक बघा. तिथं दूध असेल तर मात्र इंजिन चालूच करायचं नाही. पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंग खातं, आणि मग हेडच्या कामाचं पूर्ण इंजिनकाम होतं.

गॅसकेट का जातं? बऱ्याच इंजिनांत ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम उष्णतेनं बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, आणि बोल्टांनी ते जखडलेलं असतं. जायला जागा नाही, म्हणून वाकतं. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना हेडचा बाक ०.०५ मिमीपर्यंतच चालतो, म्हणजे बारीकशा केसाएवढा. खंबाटकीत तापलेली गाडी "आता आलंच वाई" म्हणत तशीच पुढं रेटली की माझ्याकडं येईपर्यंत तो बाक तिप्पट-चौपट झालेला असतो.

हेड उघडल्यावर गिऱ्हाइकानं कशाचा आग्रह धरावा, ते सांगतो. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून हेड उभं, आडवं आणि दोन्ही कर्णांवर मोजलं पाहिजे. ब्लॉकचा माथाही मोजला पाहिजे, तो बहुतेक जण सोडतात. फेसिंगच्या (हेड घासून सपाट करायच्या) आधी मशिन शॉपला हेडची प्रेशर टेस्ट : वाटा बंद करून, गरम पाण्यात बुडवून आत हवा सोडतात, तडा असेल तर बुडबुडे येतात. तडकलेल्या हेडला फेसिंग करून काय उपयोग? काही डिझेल हेडांना तर फेसिंग चालतच नाही, आणि गॅसकेटच्या जाडीचे नंबर असतात. पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो ते मोजून नंबर निवडायचा. जुन्या गॅसकेटसारखं दिसणारं आणून बसवलं की आठवड्यात गाडी परत दारात.

ब्लॉकवर गॅसकेटचा राहिलेला थर पॉलिश पेपरच्या चकतीनं घासू देऊ नका. त्याची भुकटी ऑइलच्या वाटांत जाते आणि हजार किलोमीटरमध्ये बेअरिंग वाजायला लागतं. खरवडणी आणि धीर, एवढंच लागतं. बोल्टाच्या भोकांत खाली पाणी किंवा ऑइल साचलेलं असतं, ते हवेनं काढायचं. तसंच आवळलं तर द्रव दबत नाही आणि ब्लॉकला तडा जातो. एकदा माझ्याच पोऱ्याकडून हे झालं. टिक असा बारीक आवाज आला, आणि मला हातातला टॉर्क पाना खाली ठेवावासा वाटेना. तो ब्लॉक मी माझ्या पैशानं भरून दिला. बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट आवळताना ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात. आवळणी मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याला नमस्कार करावा आणि गाडी उचलावी.

हेडवर भागेल की पूर्ण इंजिन खोलायचं, हे सिलिंडर सांगतो. आतल्या भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी शाबूत आहे आणि नखाला ओरखडा लागत नाही, तर हेडवर भागेल. उभे चरे असतील तर पिस्टन घासलाय : बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं), होनिंग (त्याची भिंत बारीक घासणं), ०.२५ किंवा ०.५० मिमीचे ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, बेअरिंग. पिस्टन आणि भिंत यांतली फट मिलिमीटरच्या दोन-चार शतांशांची असते. म्हणून मशिन शॉपकडून मापांची चिठ्ठी मागा. आधी पिस्टन विकत घ्यायचे, त्यांच्या मापानं बोअर करून घ्यायचा. उलट केलं की फसलं.

आणि रंग

इंजिनकामाला गाडी दिली आणि इंजिन बरं होऊन रंग खराब होऊन आली, ही तक्रार खरी आहे. फेंडरवर जाड कव्हर टाकायला लावा. पट्ट्याचं बक्कल घासून पडलेला चरा पॉलिशनं जात नाही. ब्रेक ऑइलचा एक थेंब रंग फुगवून सोलून काढतो. सांडला तर पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता. पुसलं की तो पसरतो. कूलंट बोनेटवर उडाला तर बोनेट कोमट झाल्यावर साध्या पाण्यानं, मग शांपूनं धुवा. तापलेल्या पत्र्यावर बोअरचं पाणी मारलं तर क्षारांचे गोल डाग भाजून बसतात.

डाग घालवायला पोरं लगेच रबिंग कंपाउंड घेतात. वरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे हेडच्या त्या ०.०५ मिमीएवढाच. दरवेळी त्यातला थोडा जातो, परत येत नाही. आधी सौम्य साबण, मग व्हिनेगर मिसळलेलं पाणी, आणि कंपाउंड अगदी शेवटी, तेही तेवढ्याच जागी. थर उडून बोनेट पांढरट, पापुद्रे निघालेलं झालं असेल तर कुठलंही पॉलिश किंवा कोटिंग त्यावर चालणार नाही, पेंटरकडं जा.

काम झाल्यावर

मी गाडी आधी गावात फिरवतो, मग एसी लावून पसरणी घाटातून पाचगणीपर्यंत नेतो आणि येतो. रात्रभर उभी ठेवतो. सकाळी थंड गाडीचं झाकण उघडून बघतो आणि टाकीवर नवी रेघ मारून देतो. पहिल्या एक-दोन दिवसांत राहिलेली हवा निघून पाणी किंचित उतरतं, तेवढं भरायचं. पूर्ण इंजिनकाम असेल तर पहिले हजार किलोमीटर घाट, ओझं आणि एकाच वेगात लांब पळवणं टाळायचं, आणि तेवढं झालं की ऑइल-फिल्टर बदलायचं. आठवडाभर रोज सकाळी रेघ बघा. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरही पाणी खाली जात असेल तर वर पाणी भरून चालवू नका; गाडी जिथं उभी आहे तिथूनच मिस्त्रीला फोन करा.